डायपोल ट्रॅपमधल्या रुबिडियमची लार्मर वारंवारता लेझरच्या पॉवरबरोबर सरकते: ध्रुवीकरण तर सरळ आहे, मग हे येतं कुठून?

शीतकण (प्रश्न)

मांडणी थोडक्यात अशी. रुबिडियम-८७, एकाच शलाकेचा डायपोल ट्रॅप (लेझरच्या केंद्रित शलाकेत अणू धरून ठेवणारा सापळा), १०६४ नॅनोमीटर, पॉवर २.५ वॉट, कंबर (शलाकेची सर्वांत अरुंद जागची त्रिज्या) ५० मायक्रोमीटर. अणूंचं तापमान साधारण १० मायक्रोकेल्विन. चुंबकक्षेत्र ०.५ गॉस, शलाकेच्याच दिशेनं. एफ = १ पातळीत (एफ म्हणजे अणूचा एकूण कोनीय संवेग, एम म्हणजे त्याचा क्षेत्राच्या दिशेचा घटक) रेडिओ-वारंवारतेच्या दोन पल्सनी रॅम्से पद्धतीनं, म्हणजे दोन पल्समधल्या वेळेत साठलेली फेज वाचून, लार्मर वारंवारता (चुंबकक्षेत्रात अणूचा स्पिन ज्या वारंवारतेनं फिरतो ती) मोजतो, ती ३५० किलोहर्ट्झच्या आसपास येते.

अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली, ट्रॅपची पॉवर शून्याकडे नेली (आलेख मागे वाढवून) तर जी वारंवारता यायला हवी, तिच्यापेक्षा २.५ वॉटला ९०० हर्ट्झचा फरक पडतो. दुसरी, रॅम्सेच्या पट्ट्या १.५ मिलिसेकंदात विरतात. ट्रॅप क्षणभर बंद करून मोजलं तर मात्र कॉन्ट्रास्ट टिकतो. तिसरी, सकाळी लेझर सुरू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात हाच आकडा आणखी सुमारे १२० हर्ट्झ सरकतो.

प्रकाशाचा मार्ग: पोलरायझेशन जपणारा फायबर, कॉलिमेटर, बीमस्प्लिटर क्यूब, त्यानंतर हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरण उभ्या दिशेपासून ३० अंशांवर नेण्यासाठी), ४५ अंशांवरचे दोन डायइलेक्ट्रिक आरसे, ३०० मिलिमीटरचं भिंग आणि मग चेंबरची खिडकी. भिंगाच्या आधी दुसरा क्यूब लावून विझवण-गुणोत्तर (क्यूबमधून जाणाऱ्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी प्रकाशाचं गुणोत्तर) मोजलं, १२००:१ आलं. म्हणजे ध्रुवीकरण सरळ आहे असंच मी धरून चाललो होतो. सरळ ध्रुवीकरणात एमच्या सगळ्या उपपातळ्या सारख्याच सरकतात ना? मग लार्मर वारंवारतेला धक्का का लागावा? आणि ही गडबड ५ हर्ट्झच्या आत आणायची तर नेमकं काय करायचं?

---

तिरपा_आरसा

१२००:१ हा आकडाच इथे फसवतो आहे.

लाइट शिफ्टचे, म्हणजे प्रकाशामुळे अणूच्या ऊर्जापातळ्या सरकतात त्याचे, तीन भाग पडतात. स्केलर भाग सगळ्या उपपातळ्यांना सारखाच ढकलतो. व्हेक्टर भाग एमच्या प्रमाणात ढकलतो आणि तो फक्त प्रकाशातल्या वर्तुळाकार ध्रुवीकरणामुळे येतो. टेन्सर भाग रुबिडियमच्या तळपातळीत जवळपास नसतोच, कारण तिथे इलेक्ट्रॉनचा जे १/२ आहे. तेव्हा तुमचा संशयित एकच उरतो, व्हेक्टर भाग. तो अगदी चुंबकक्षेत्रासारखा वागतो, शलाकेच्या दिशेनं लावलेल्या खोट्या चुंबकक्षेत्रासारखा. तुमचं खरं क्षेत्रही त्याच दिशेनं आहे, म्हणून दोन्हींची सरळ बेरीज होते.

आता आकडे. तुमच्या पॉवरला आणि कंबरेला ट्रॅपची खोली साधारण ९८ मायक्रोकेल्विन, म्हणजे २.०५ मेगाहर्ट्झ येते. १०६४ नॅनोमीटरला पूर्ण वर्तुळाकार प्रकाशात व्हेक्टर भाग हा स्केलर भागाच्या २.१ टक्के, गुणिले जी-एफ (त्या पातळीचा चुंबकीय गुणक), गुणिले एम. जी-एफची किंमत (चिन्ह सोडून) १/२ धरा. म्हणजे एम एकानं बदलला की सुमारे २१ किलोहर्ट्झ. खोट्या क्षेत्राच्या भाषेत हे ३० मिलिगॉस झालं. तुमच्या प्रकाशात वर्तुळाकार अंश किती आहे, त्यानं या २१ किलोहर्ट्झला गुणायचं. या अंशाला इथून पुढे 'वर्तुळांश' म्हणतो: सरळ ध्रुवीकरणाला शून्य, पूर्ण वर्तुळाकाराला एक.

क्यूबनं तुम्ही मोजता ते लंबवर्तुळाच्या लहान आणि मोठ्या अक्षांच्या तीव्रतांचं गुणोत्तर. वर्तुळांश त्याच्या वर्गमुळाप्रमाणे जातो: २ भागिले १२०० चं वर्गमूळ, म्हणजे ०.०५८. म्हणजे तुमच्या मोजमापात १.२ किलोहर्ट्झपर्यंतचं विस्थापन आरामात लपू शकतं. तुम्हाला ९०० दिसतंय. अणू कायम ट्रॅपच्या तळाशी बसलेले नसतात. १० मायक्रोकेल्विनला सरासरी १५ मायक्रोकेल्विन वरच असतात, त्यामुळे त्यांना कमाल विस्थापनाच्या ८५ टक्केच जाणवतं. उलट गणित केलं तर वर्तुळांश ०.०५ येतो आणि त्याचं विझवण-गुणोत्तर १६००:१ होतं. बहुतेक क्यूबची हमीच १०००:१ ची असते. तेव्हा हे त्या क्यूबला दिसणं शक्यच नव्हतं.

५ हर्ट्झसाठी वर्तुळांश ०.०००३ च्या आत लागेल. तो विझवण-गुणोत्तरानं मोजायचा तर साडेचार कोटीला एक असं मोजावं लागेल. तो रस्ता सोडून द्या.

रॅम्से का विरतं तेही यातच आहे. अणूंची ऊर्जा वेगवेगळी, म्हणून प्रत्येकाला जाणवणारी तीव्रता वेगळी. हा पसारा खोलीच्या साधारण १० टक्के. कमाल विस्थापन १०६० हर्ट्झ, त्याचा दहावा भाग १०६, आणि १ भागिले २ पाय गुणिले १०६ म्हणजे १.५ मिलिसेकंद. तुमचाच आकडा. म्हणजे पहिली आणि दुसरी अडचण एकाच मुळाची आहे.

हाफ-वेव्ह प्लेट आरशांच्या आधी ठेवली आहे, ती चुकीच्या जागी आहे. ४५ अंशांवरचा डायइलेक्ट्रिक आरसा एस (परावर्तनाच्या प्रतलाला लंब) आणि पी (त्या प्रतलातला) या दोन घटकांना वेगवेगळी फेज देतो. ध्रुवीकरण निव्वळ एस किंवा निव्वळ पी असेल तर काही बिघडत नाही. ३० अंशांवर असेल तर वर्तुळांश = साइन ६० गुणिले फेजफरकाची साइन. फक्त ३ अंशांचा फेजफरक ०.०४५ देऊन जातो. तुमची जवळपास सगळी गडबड एवढ्यातच बसते.

---

रुबी_सत्याऐंशी

एक सोपा उपाय सुचतो. एफ = १ आणि एफ = २ यांचे जी-एफ विरुद्ध चिन्हांचे आहेत. दोन्हींत लार्मर वारंवारता मोजा. खरं क्षेत्र आणि प्रकाशाचं खोटं क्षेत्र दोन्हींत वेगळ्या तऱ्हेनं मिसळेल, मग दोन समीकरणं सोडवून खोटा भाग बाजूला काढता येईल.

---

तिरपा_आरसा

नाही निघणार. तळपातळीत व्हेक्टर भाग इलेक्ट्रॉनच्या कोनीय संवेगाशीच जुळतो, आणि खरं चुंबकक्षेत्रही प्रामुख्यानं त्याच्याशीच. त्यामुळे एफ = १ असो की २, दोन्ही क्षेत्रं त्याच जी-एफनं मोजली जातात. दोन समीकरणं म्हणायला दोन, पण एकच समीकरण दोनदा लिहिल्यासारखी. रुबिडियम-८५ आणि ८७ एकाच ट्रॅपमध्ये ठेवूनही हीच गत होते. उलट ती जोडी दुसऱ्या कशासाठी वापरत असाल तर ही गोष्ट पथ्यावरच पडते, कारण क्षेत्राचा भाग वजा करताना खोटं क्षेत्रही सोबत वजा होतं.

खरं आणि खोटं वेगळं करायचे मार्ग दोनच: प्रकाश बदला, किंवा क्षेत्राची दिशा बदला.

याला 'खोटं क्षेत्र' म्हणायची पद्धत जुनी आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कोहेन-तानुजी यांनी १९६१ मध्ये पॅरिसमध्ये पाऱ्याच्या अणूंवर लाइट शिफ्ट मोजली ती लेझरनं नव्हे, दिव्यानं. म्हणून त्यांचे मार्गदर्शक कास्लर त्याला गमतीनं 'लॅम्प शिफ्ट' म्हणत. पुढे १९७२ मध्ये कोहेन-तानुजी आणि द्युपाँ-रॉक यांनी प्रकाशाचा परिणाम क्षेत्राच्या भाषेत मांडला. आपण आज तेच गणित वापरतोय.

---

पाव_तरंग

प्रकाश बदलण्याच्या रस्त्याबद्दल लिहितो. विझवण मोजण्यापेक्षा अणूंनाच मोजपट्टी करा. त्यासाठी आधी मार्ग नीट लावावा लागेल.

आरशांच्या आधीची हाफ-वेव्ह प्लेट काढून टाका. आरशांवर ध्रुवीकरण निव्वळ एस ठेवा. दोन्ही आरशांनंतर, भिंगाच्या आधी, कॅल्साइटचं ग्लॅन-टेलर किंवा ग्लॅन-लेझर प्रिझम बसवा, हवेची फट असलेलंच. डिंकानं चिकटवलेलं ग्लॅन-थॉम्सन घेऊ नका, २.५ वॉटला त्याचा सांधा तापतो. अशा प्रिझमचं विझवण १,००,०००:१ च्या घरात असतं. प्रिझमनंतर एक क्वार्टर-वेव्ह प्लेट, मग भिंग, मग खिडकी. या टप्प्यात आरसा एकही नको. ध्रुवीकरण ३० अंशांवरच हवं असेल तर प्रिझमच तेवढं फिरवून लावा, आणि त्याच्या आधी हाफ-वेव्ह प्लेटनं पॉवर जुळवून घ्या.

क्वार्टर-वेव्ह प्लेटचा अक्ष प्रिझमच्या दिशेला समांतर असताना ती काहीच करत नाही. तिथून ती जितके अंश फिरवाल, त्याच्या दुपटीची साइन एवढा वर्तुळांश तयार होतो. एक अंश म्हणजे ०.०३५. तुमच्या ट्रॅपमध्ये त्याचं ६२० हर्ट्झच्या आसपास विस्थापन दिसेल. पुढे भिंगाच्या आणि खिडकीच्या ताणामुळे जो वर्तुळांश येतो, त्यात हा मिळवला जातो, किंवा त्यातून वजा होतो. म्हणून असं करा:

१. प्लेट समांतर ठेवून २.५ आणि १.२५ वॉटला लार्मर वारंवारता मोजा, फरक लिहून ठेवा.

२. प्लेट −३, −२, −१, ०, +१, +२, +३ अंशांवर नेऊन प्रत्येक ठिकाणी हाच फरक काढा. पॉवर निम्मी केल्यामुळे उतार ३०० हर्ट्झ प्रति अंशाच्या थोडा वर यायला हवा. उतार याच्यापेक्षा १५–२० टक्क्यांहून अधिक वेगळा आला तर कंबर, पॉवर किंवा तापमान यांपैकी काहीतरी चुकीचं धरलं आहे. पुढे जायच्या आधी ते शोधा.

३. रेषा शून्याला जिथे छेदते तिथे प्लेट बसवा.

शेवटच्या पायरीला साधं फिरकीचं माउंट पुरत नाही. ५ हर्ट्झ म्हणजे ०.००८ अंश. मायक्रोमीटर स्क्रूचं माउंट लागतं, आणि घट्ट केल्यावर पुन्हा मोजावं लागतं. पकड-स्क्रू पिळताना प्लेट ०.०५ अंश सहज सरकते.

शून्यबिंदू प्लेटच्या चार-पाच अंशांवर आला तर खिडकीचा ताण जास्त आहे असं समजा. वर्तुळांश ०.०५ साठी ४५ अंशांच्या ध्रुवीकरणाला खिडकीचा फेजफरक ०.०५ रेडियन, म्हणजे तरंगाचा सव्वाशेवा भाग पुरतो. बेकिंग झालेल्या, बोल्ट असमान पिळलेल्या खिडकीत एवढा असतोच. भिंगाची रिटेनिंग रिंगही बघा. ती हातानं हलकी टेकवायची असते, किल्लीनं आवळायची नाही.

टेबलावर वर्तुळांश मोजायचाच असेल तर विझवणाऐवजी हे करा: क्वार्टर-वेव्ह प्लेटचा अक्ष प्रकाशाच्या ध्रुवीकरणाला समांतर, त्यानंतर क्यूब ४५ अंशांवर, दोन्ही दारांवर फोटोडायोड. दोन्हींच्या वाचनाचा फरक भागिले बेरीज म्हणजे वर्तुळांश, वर्गमूळ न घेता थेट. मग प्लेट ९० अंशांनी फिरवून पुन्हा वाचा. वर्तुळांशाचं चिन्ह उलटतं. क्यूबचा कोन चुकल्यामुळे आलेला फरक आहे तसाच राहतो. दोन वाचनांच्या फरकाचं अर्ध घ्या. ०.००१ पर्यंत असं सहज जाता येतं. अर्थात हे खिडकीच्या अलीकडचं झालं. पलीकडून मोजलं तर दोन खिडक्यांची बेरीज दिसते आणि अणूंच्या जागी काय आहे ते कळतच नाही. म्हणून शेवटचा शब्द अणूंचा.

---

शीतकण

आभार. ताळा जमतोय. पण दोन शंका आहेत. नेहमीचं डायपोल ट्रॅपचं सूत्र (डी-१ आणि डी-२ रेषांपासूनच्या अंतरांचं) वापरलं तर मला २.४ टक्के येतात, २.१ नाही. आणि असं असेल तर लेझरची तरंगलांबीच बदलणं बरं का? १५५० नॅनोमीटरचा फायबर लेझर उपलब्ध आहे.

---

तिरपा_आरसा

२.४ हे आकडेमोडीला बरोबर आहे, पण त्या सोप्या सूत्रात उलट फिरणारं पद सोडून दिलेलं असतं. डी-१ रेषा ७९५ आणि डी-२ रेषा ७८० नॅनोमीटरला, आणि तुम्ही १०६४ ला. म्हणजे वारंवारतेत ९५ आणि १०२ टेराहर्ट्झ दूर. एवढ्या अंतरावर ते पद सोडता येत नाही. स्केलर भागात ते मिळवलं जातं आणि व्हेक्टर भागात वजा होतं, त्यामुळे गुणोत्तर खाली येऊन २.०६ टक्के होतं. खोली काढताना हे पद सोडलं तर तिथे १३ टक्क्यांची चूक होते, तीही लक्षात घ्या.

तरंगलांबीबद्दल: पूर्ण वर्तुळाकार प्रकाशाला हेच गुणोत्तर ८५० नॅनोमीटरला साडेआठ टक्के, १०६४ ला २.१ आणि १५५० ला ०.८६. म्हणजे १५५० ला अडीचपट कमी. पण तेवढ्याच खोलीसाठी पॉवर जास्त लागते. शिवाय रुबिडियमच्या ५पी पातळीपासून ४डी पातळीकडे जाणारी रेषा १५२९ नॅनोमीटरला आहे. १५५० तिच्या जवळ असल्यामुळे उत्तेजित पातळी प्रचंड सरकते, आणि ट्रॅप चालू असताना इमेजिंग किंवा कूलिंग करायचं असेल तर डोकेदुखी होते. अडीचपटीसाठी अख्खी मांडणी बदलण्यापेक्षा एक क्वार्टर-वेव्ह प्लेट स्वस्त पडते.

---

रुबी_सत्याऐंशी

एफ = १ एम = ० पासून एफ = २ एम = ० हे घड्याळाचं संक्रमण वापरलं तर हा सगळा व्याप वाचणार नाही का? एम शून्य म्हणजे व्हेक्टर भागही शून्य.

---

पाव_तरंग

घड्याळ बनवायचं असेल तर हो. पण प्रश्न लार्मर वारंवारतेचा, म्हणजे क्षेत्र मोजण्याचा आहे. ०–० संक्रमण क्षेत्राला पहिल्या घातात दाद देत नाही, फक्त दुसऱ्या घातात: ५७५ हर्ट्झ प्रति गॉस वर्ग. दाद न देणाऱ्यानं मोजणार काय? आणि तिथेही स्केलर भागातला लहानसा फरक उरतोच, कारण एफ = १ आणि एफ = २ यांच्यात ६.८३ गिगाहर्ट्झचं अंतर आहे. तुमच्या खोलीला तो १४० हर्ट्झच्या आसपास जातो. काही प्रयोगांत मुद्दाम थोडा वर्तुळांश ठेवून, एम शून्य नसलेल्या पातळ्यांत, हा फरक व्हेक्टर भागानं खोडून काढतात. तो वेगळा खेळ.

स्ट्रॉन्शियमच्या ऑप्टिकल लॅटिस घड्याळात हाच व्हेक्टर भाग दुसऱ्या युक्तीनं हाताळला जातो. ८१३.४ नॅनोमीटरच्या लॅटिसमध्ये एम = +९/२ आणि −९/२ या दोन टोकांच्या उपपातळ्या आळीपाळीनं मोजतात आणि सरासरी घेतात. व्हेक्टर भागाचं चिन्ह दोन्हींत उलट, म्हणून तो सरासरीत जातो. खऱ्या क्षेत्राचा पहिल्या घाताचा भागही त्याच्याबरोबर जातो, आणि घड्याळाला तेच हवं असतं. तुमच्यासारख्या क्षेत्र मोजणाऱ्याला मात्र ही युक्ती निरुपयोगी आहे, कारण मोजायचं तेच हातातून निसटतं.

---

आडवं_क्षेत्र

दुसरा रस्ता, म्हणजे क्षेत्राची दिशा, याबद्दल कोणी बोललं नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

खोटं क्षेत्र कायम शलाकेच्या रेषेतच असतं. खरं ०.५ गॉस क्षेत्र शलाकेला काटकोनात वळवा. आता दोन्हींची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. तुमचा वर्तुळांश आहे तसाच ०.०५ ठेवला तरी खोटं क्षेत्र १.५ मिलिगॉस. त्याचा वर्ग भागिले दोनदा ०.५ गॉस, म्हणजे सव्वादोन मायक्रोगॉस. वारंवारतेत १.६ हर्ट्झ. ९०० चे १.६ झाले आणि अजून एकाही प्लेटला हात लावलेला नाही.

काटकोन मात्र खराखुरा हवा. एक अंश चुकला तर १.५ मिलिगॉसचा ५७ वा भाग खऱ्या क्षेत्रात मिसळतो आणि १८ हर्ट्झ पडतात. ०.१ अंशाला १.८. कॉइलच्या फ्रेमवर कोनमापक ठेवून हे जमत नाही. त्यासाठी प्रकाशालाच कामाला लावा. क्वार्टर-वेव्ह प्लेट +४५ अंशांवर नेऊन पूर्ण उजवा वर्तुळाकार प्रकाश करा, वारंवारता मोजा. मग −४५ वर नेऊन डावा करा, पुन्हा मोजा. आता खोटं क्षेत्र ३० मिलिगॉस आहे. वर्गाचा भाग (सुमारे ६३० हर्ट्झ) दोन्ही वेळा सारखाच, म्हणून तो फरकातून जातो. उरतो तो फक्त काटकोनातल्या चुकीचा: ०.१ अंशाला ७० हर्ट्झहून थोडा जास्त. शलाकेच्या दिशेच्या कॉइलमध्ये थोडा प्रवाह सोडून हा फरक शून्य करा. ०.०१ अंशापर्यंत काटकोन बसतो. मग प्लेट परत तिच्या शून्यबिंदूवर आणा.

एक पथ्य: वर्तुळाकार प्रकाशात रॅम्से फार लवकर विरेल, कारण पसाराही वाढतो. काटकोनात वर्गाच्या भागाचा पसाराच तेवढा उरतो, तरी १ मिलिसेकंदाच्या वर जाऊ नका.

'पूर्ण वर्तुळाकारच ठेवू या, तिथे साइनचा उतार शून्य असतो, म्हणजे प्लेट हलली तरी फरक नाही' असं कधीकधी सुचवलं जातं. शलाकेच्या दिशेनं क्षेत्र असताना तसं करू नका. प्लेटपासून सुटका होते, पण २१ किलोहर्ट्झ अख्खे पॉवरला बांधले जातात. पॉवर एक हजारांश हलली की २१ हर्ट्झ गेले.

---

शीतकण

काटकोनाचं पटलं. फक्त पॉवर बदलून शून्याकडे आलेख नेताना माझी रेषा सरळ येत नाही. १.२५ वॉटच्या खाली ती वाकते, आणि वाकही दररोज सारखा नसतो. हेही ध्रुवीकरणच का?

---

आडवं_क्षेत्र

ते ध्रुवीकरण नसावं. एकाच शलाकेच्या ट्रॅपचा तो जुना फसवा खेळ आहे.

तुमचा ट्रॅप आडवा अरुंद, पण लांबीला ढिला. कंबर ५० मायक्रोमीटर म्हणजे रेले लांबी (कंबरेपासून शलाका फारशी रुंदावत नाही ते अंतर) ७.४ मिलिमीटर. आडव्या दिशेनं अणू ६०० हर्ट्झनं डोलतात, लांबीच्या दिशेनं फक्त ३ हर्ट्झनं. आता शलाका एक मिलिरेडियन कलली आहे असं धरा. एक मीटरवर एक मिलिमीटर, डोळ्यांना कळणारही नाही. गुरुत्वाचा तेवढा घटक अणूंना शलाकेच्या रेषेत २८ मायक्रोमीटर खाली घसरवतो. पॉवर निम्मी केली की ५७. एक वॉटला ७१. म्हणजे पॉवर बदलताना तुम्ही अणूंची जागाही बदलताय. त्या दिशेनं क्षेत्राचा उतार १० मिलिगॉस प्रति सेंटिमीटर असेल तर २८ मायक्रोमीटरला २० हर्ट्झ पडतात. कागदावर ही लाइट शिफ्टच दिसते, पण असते साधी घसरगुंडी.

ओळखायची खूण अशी: लाइट शिफ्ट पॉवरच्या प्रमाणात वाढते, ही चूक १ भागिले पॉवरच्या प्रमाणात. म्हणून सरळ रेषा न बसवता तीन पदं बसवा: एक पॉवरच्या प्रमाणात, एक पॉवरच्या व्यस्त प्रमाणात, एक स्थिर. निदान पाच पॉवरला मोजा, म्हणजे बसवण्याला अर्थ राहतो. वाक रोज बदलतो याचा अर्थ रोज कलणं किंवा उतार बदलतोय. भिंगाच्या आधीचा आरसा रोज हलवून ट्रॅप जुळवत असाल तर कलणं तिथूनच येतं.

पॉवर झटक्यात बदलली तर अणू त्या ३ हर्ट्झनं हेलकावत राहतात, आणि मग मोजणी पल्स कधी दिला यावर अवलंबून राहते. निदान एक सेकंद घेऊन हळूहळू बदला आणि नंतर थांबा. एका वॉटच्या खाली जाऊ नका. तिथे खोली ३९ मायक्रोकेल्विन उरते, तापमान आणि खोलीचं गुणोत्तर बदलतं आणि ते ८५ टक्के धरणंही चुकतं. दुसरी आडवी शलाका देऊन लांबीची दिशा घट्ट करणं हा खरा उपाय, पण मग तिच्याही ध्रुवीकरणाचा हिशेब आला.

स्वतंत्र पडताळा हवा तर ट्रॅप बंद करून १ मिलिसेकंदाचं रॅम्से घ्या. तेवढ्यात अणू ५ मायक्रोमीटर पडतात आणि ढग ३० मायक्रोमीटर पसरतो, दोन्ही चालण्यासारखं. सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर ५०:१ असेल तर एका मोजणीत ३ हर्ट्झपर्यंत खरं क्षेत्र कळतं.

---

पाव_तरंग

उरलं सकाळचं १२० हर्ट्झ. ते पॉवरचं नाही हे आकड्यावरूनच कळतं: ९०० हर्ट्झमधून १२० सरकायला पॉवर १३ टक्के हलावी लागेल, एवढी हलली असती तर तुम्ही आधी तेच लिहिलं असतं. वर्तुळांशात हा बदल ०.००७ चा आहे.

फायबरमध्ये चुकीच्या अक्षात एक टक्का प्रकाश जरी गेला, तरी बाहेर येताना वर्तुळांश ०.२ पर्यंत झुलू शकतो, आणि फायबर तापला-थंडावला की फेज गोल फिरते. तपासायला पोलरायझरच्या पुढे फोटोडायोड ठेवा आणि फायबर मधोमध हाताच्या उबेनं तापवा. पॉवर लाटेसारखी वरखाली झाली तर फायबरच्या तोंडाशी अक्ष जुळलेला नाही. तिथली हाफ-वेव्ह प्लेट फिरवून लाट कमीत कमी करा. शेवटच्या पोलरायझरमुळे ही चूक पॉवरमध्ये बदलते आणि पॉवरचा सर्व्हो (पॉवर स्थिर ठेवणारं नियंत्रण) ती सांभाळतो. पण त्या सर्व्होचा फोटोडायोड पोलरायझरच्या पुढेच हवा. अलीकडे असेल तर सर्व्हो बिनचूक चालतो आणि ट्रॅपची पॉवर झुलतच राहते.

फायबर शांत असूनही वारंवारता सरकत असेल तर काचेकडे या. बीके-७ ची खिडकी किंवा भिंग २.५ वॉटला थोडं तापतं, मधला भाग कडेपेक्षा गरम होतो आणि ताण येतो. फ्यूज्ड सिलिका यात बरीच सरस. खिडकीवरचा एखादा धुळीचा कण जळून चिकटला असेल तर तोही हेच करतो. टॉर्च तिरकी धरून बघा, चमकणारा ठिपका दिसेल. ट्रॅप अर्धा तास आधीपासून चालू ठेवून मग मोजायला बसणं हाही उपाय आहे, पण मोजणीच्या आवर्तनात ट्रॅप बंद राहण्याचा वेळ बदलला की काच पुन्हा नव्या तापमानाला जाते. म्हणून आवर्तनाची लांबी आणि ट्रॅप चालू-बंदचं प्रमाण दिवसभर एकच ठेवा, अणू नसतानाच्या फेऱ्यांतसुद्धा.